मोतीबिंदूनंतर: उजव्या डोळ्याला निळं, डाव्याला पिवळं, आणि सरळ झोका गोल फिरतोय

शेडमास्तर (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. इथल्या एका प्रोसेस हाऊसला डाईंग मास्तर म्हणून उभं आयुष्य काढलं. आता रिटायर आहे, पण एखाद्या शेडवर पार्टी अडून बसली की जुने मालक अजून गाडी पाठवतात. "मास्तर, एकदा डोळ्याखालनं घाला." त्यामुळे खालचा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही.

दिवाळीआधी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. फेको केलं (बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढतात ते), भिंग बसवलं, सगळं व्यवस्थित झालं. डाव्यातही आहे, पण तो "नंतर बघू" म्हणून ठेवलाय. आता दोन खोबणीत दोन वेगळ्या माणसांचे डोळे बसवल्यागत झालंय.

पहिली गोष्ट रंगाची. डावा झाकून उजव्यानं चुन्याची भिंत बघितली तर नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी दिसते. उजवा झाकून डाव्यानं बघितली तर तीच भिंत पिवळट, कळकट. शेडकार्ड घेऊन बसलो. डाव्याला नेव्ही आणि काळा यांतला फरक कळत नाही. लेमनचा सगळ्यात फिका तुकडा आणि पांढरा, दोन्ही एकच. उजव्याला दोन्हीकडे ढळढळीत फरक.

इथवर समजू शकतो. पण खरा घोळ एका ग्रेमध्ये झाला. पार्टीचा नमुना पॉलिस्टरचा, आपला लॉट कॉटनचा, रिॲक्टिव्ह जातीच्या रंगांत रंगवलेला. डाव्यानं बघितलं तर तंतोतंत. उजव्यानं बघितलं तर आपला लॉट हिरव्याकडे मारतोय. लाइट बॉक्स (शेड बघायची दिव्यांची पेटी) तोच, डी-६५ चा, म्हणजे दिवसासारखा, उजेड तोच, कोन तोच. उजेड बदलला की शेड फुटते, म्हणजे जुळलेले रंग वेगळे दिसतात, हे आम्ही रोज बघतो. डोळा बदलल्यावर फुटलेली पहिल्यांदा बघितली. आता मंजुरी कुठल्या डोळ्यानं द्यायची?

दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक. सोसायटीच्या बागेत नात झोक्यावर असते आणि मी कडेच्या बाकावर. म्हणजे झोका मला डावीकडून उजवीकडे आणि परत, असा आडवा दिसतो. दोन्ही डोळे उघडे असले की तो सरळ जातच नाही. उजवीकडे जाताना लांब सरकतो, डावीकडे येताना अंगावर येतो. मधोमध हे सगळ्यात जास्त, दोन्ही टोकांना काहीच नाही. वॉचमनकडून कड्या-साखळ्या तपासून घेतल्या, काही वाकडं नाही. एक डोळा झाकला, कुठलाही, की झोका सरळ. घरी येऊन दोऱ्याला लोखंडी नट बांधला, दाराच्या चौकटीला लटकवून हलवला. तोच प्रकार. चौकात आडव्या जाणाऱ्या सायकली, रिक्षा यांचंही अंतर असंच फसवं वाटतं.

तिसरी बारीक गोष्ट. नजर सारखी निळ्या वस्तूंकडे पळते. गच्चीवरची ताडपत्री, केमिकलचे ड्रम, कुणाची तरी पाण्याची बाटली. बोलतोय मालकांशी आणि बघतोय ड्रमकडे. शिवाय उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला कधीमधी काळसर कोर दिसते. शेजारी कुणी येऊन उभं राहिलंय असं वाटून मान वळवतो, तर कुणी नाही.

डॉक्टरांची पुढची तारीख आहेच, पण तिथं बाहेर एवढी रांग असते की "होईल सवय" ऐकून उठावं लागतं. कुणाला यातलं कळत असेल तर जरा इस्कटून सांगा.


वाटसरू

लंबक गोल फिरतोय म्हणजे वास्तुदोष. ईशान्येला टांगून बघा.


धाकटी_पाती

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा काका. माझ्या भावाला असंच व्हायचं, आडवी जाणारी गाडी वळून अंगावर येतेय असं वाटायचं. त्याला मोतीबिंदू वगैरे काही नव्हतं, वय तिशीचं. डोळ्याच्या नसेला सूज निघाली. तेव्हा "हे मोतीबिंदूचंच" असं घरबसल्या ठरवू नका, डॉक्टरांना झोक्याचं सविस्तर सांगा.


भिंगवाली

धाकटी_पाती यांचं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढायचे, भिंगं करून द्यायची, हा रोजचा धंदा. ऑपरेशन करत नाही. काका, तुमचा प्रश्न वाचून दुपारचा डबा गार झाला, कारण झोक्याचं असं नेमकं वर्णन पेशंट कधी करत नाहीत. "गरगरतं", "अंदाज येत नाही", एवढंच सांगतात आणि आम्ही चष्मा तपासत बसतो.

तुम्ही पाहिलंत त्याला पुलफ्रिश परिणाम म्हणतात. कार्ल पुलफ्रिश हा येना गावात झाईस कंपनीत काम करणारा जर्मन शास्त्रज्ञ. त्यानं १९२२ साली यावर लिहिलं. खुद्द पुलफ्रिशला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, त्यामुळे ज्याला त्याचं नाव मिळालं ते त्याला कधी दिसूच शकलं नाही. उलगडा फेर्टश नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं केला आणि पुलफ्रिशनं तसं श्रेयही दिलं.

उलगडा असा. डोळ्यात उजेड कमी शिरला की दृष्टिपटलाचं काम संथ होतं आणि मेंदूकडे जाणारा संदेश काही मिलिसेकंद उशिरा निघतो. तुमचा डावा डोळा मोतीबिंदूमुळे अंधारलेला, म्हणून तो मागे. झोका उजवीकडे चाललाय असं धरा. उजवा डोळा तो आत्ता आहे तिथे दाखवतो, डावा किंचित आधी होता तिथे, म्हणजे थोडा डावीकडे. मेंदूला या उशिराची खबर नाही. त्याला एवढंच कळतं की एकच वस्तू डाव्या डोळ्याला डावीकडे आणि उजव्याला उजवीकडे दिसतेय. दोन्ही डोळ्यांतून त्या दोन जागांकडे रेषा काढा. त्या खऱ्या झोक्याच्या पलीकडे जाऊन मिळतात, म्हणून झोका लांब. डावीकडे येताना नेमकं उलट होतं, रेषा अलीकडेच छेदतात, म्हणून जवळ. टोकाला झोका क्षणभर थांबतो, वेग शून्य, म्हणून फरकही शून्य. मधोमध वेग सगळ्यात जास्त, म्हणून फुगवटाही तिथेच. वरून बघितलं तर तुमचा झोका घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरायला हवा. तुमच्या वर्णनावरून तसाच फिरतोय.

हे किती फसवू शकतं, त्याचं गणित. माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६.३ सेंटिमीटर. समजा डावा डोळा १० मिलिसेकंद मागे आहे. ताशी ५ किलोमीटरनं, म्हणजे पायी चालण्याच्या वेगानं, सायकल तुमच्या समोरून १० मीटरवरून आडवी चाललीय. १० मिलिसेकंदात ती जवळपास १.४ सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा फरकानं नुसत्या भूमितीप्रमाणे ती उजवीकडे जाताना सुमारे १३ मीटरवर आणि डावीकडे जाताना सुमारे ८ मीटरवर दिसायला हवी. प्रत्यक्षात इतका फरक जाणवत नाही. सायकलचा आकार, तिची सावली, रस्त्यावरची जागा हे सगळं मेंदू जमेस धरतो, आणि मोतीबिंदूतला उशीर बहुधा १० मिलिसेकंदांहून कमीच असतो. तरी तुमच्या बाबतीत डावीकडून उजवीकडे जाणारं वाहन आहे त्यापेक्षा लांब भासणार, आणि धोका त्याच बाजूनं आहे. रस्ता ओलांडताना डावीकडून येणाऱ्याला जास्त वाट द्या.

खात्री करायची असेल तर गॉगलची काच उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यासमोर धरून नट बघा. फेरा कमी झाला, थांबला किंवा उलटा फिरू लागला, तर कारण उजेडाच्या फरकात आहे. हाच उपाय म्हणूनही वापरतात, चांगल्या डोळ्याच्या काचेला थोडी गडद छटा देतात. मात्र नसेचा आजार असला तरी काच धरून लंबक सरळ होईल. म्हणजे या परीक्षेनं कारण मोतीबिंदूच आहे असं सिद्ध होत नाही. नस तपासून घ्यायचीच.

एक गुंता सांगून ठेवते. डोळा अंधारला तर मागे पडतो, पण नुसता धूसर झाला, उजेड तेवढाच राहिला, तर उलट किंचित पुढे पळतो. कारण बारीक तपशिलाचा संदेशच सगळ्यात सावकाश चालतो, आणि धूसर चित्रात तो तपशील नसतोच. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, जवळचा आणि लांबचा नंबर एकेका डोळ्यात वाटून देतात त्या लेन्सच्या संदर्भात. मोतीबिंदूत अंधारही असतो आणि धूसरपणाही. तुमच्यात अंधार जिंकलेला दिसतो.

आता रंग. नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडतं आणि जांभळा-निळा उजेड अडवतं. म्हणून डाव्याला नेव्ही काळा दिसतो आणि लेमन पांढऱ्यात मिसळतो. हे इतकं सावकाश होतं की मेंदू पांढऱ्याची व्याख्या सरकवत राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ऑपरेशननंतर उजव्यात निळा उजेड एकदम भरपूर आला, व्याख्या जुनीच, म्हणून भिंत निळी. हे आठवड्या-महिन्यांत निवळतं.

तुमच्या ग्रेचं मात्र निवळणार नाही, आणि हा मुद्दा तुमच्या धंद्याचा आहे म्हणून नीट सांगते. दृष्टिपटलावर रंगासाठी तीन तऱ्हेच्या शंकुपेशी असतात. दोन तुकडे सारखे दिसतात म्हणजे त्या तिघींना दोन्हीकडून सारखा उजेड पोचतो, एवढंच. तुकड्यांवरून परतणारा उजेड आतून सारखा असेलच असं नाही. पॉलिस्टरवरचे डिस्पर्स रंग आणि कॉटनवरचे रिॲक्टिव्ह यांची घडण वेगळी, जुळणी वरवरची. दिवा बदलला की ती मोडते हे तुम्ही मला शिकवाल. पण डोळ्यापुढची पिवळी काच काढून टाकणं हेही शंकुपेशींपर्यंत पोचणारा उजेड बदलणंच आहे. मेंदूनं पांढऱ्याची व्याख्या कितीही सरकवली तरी दोन तुकड्यांतला फरक पुसला जात नाही, कारण तो मेंदूपर्यंत पोचण्याआधीच पडलेला असतो. नमुना आणि लॉट एकाच कापडावर, त्याच रंगांच्या रेसिपीनं केलेले असतील तर मात्र दोन्ही डोळ्यांना जुळतील.

कुठला डोळा खरा? गिऱ्हाईक तरुण असेल तर त्याच्या डोळ्याशी तुमचा उजवा जास्त मिळेल. पण असल्या मिश्र जुळणीत मी डोळ्यावर सोडणार नाही, रंग मोजायच्या मशीनवर रीडिंग घ्या. मशीनमध्येही कुणाचे तरी डोळेच आहेत म्हणा. १९३१ चा प्रमाण निरीक्षक (रंग मोजायला धरलेली सरासरी नजर) राईट आणि गिल्ड या दोघांनी तपासलेल्या मिळून १७ माणसांवरून ठरला. तरी ते डोळे म्हातारे होत नाहीत.

बाहेरच्या कडेची काळी कोर नव्या भिंगाच्या कडेमुळे बऱ्याच जणांना दिसते, बहुतेकांची हळूहळू जाते. पण विजा चमकल्यासारखं, अचानक खूप काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तारखेची वाट बघू नका.

आणि डावा कशाला ठेवलाय? पूर्वी मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे. आता गरज नाही, उलट फार कडक झाला की फेको अवघड जातं. दोन डोळ्यांच्या नंबरात ३ च्या वर फरक राहिला तर चष्म्यानंही जुळवता येत नाही, दोन्हीकडे चित्राचा आकारच वेगळा होतो.


ब्रशवाला

क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार आठवला. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं आणि भीतीपोटी त्यानं ऑपरेशन कितीतरी वर्षं टाळलं. शेवटी जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं केलं. तेव्हा आत भिंग बसवायची सोय नव्हती, जाड काचेचा चष्मा लावावा लागे. आधी सगळं पिवळं दिसतंय म्हणून तक्रार, मग निळं दिसतंय म्हणून. रंगीत काचांचे चष्मे आणून बघितले. कमळांची मोठाली चित्रं याच काळातली.

पण भिंगवालीताई, मेंदू पांढऱ्याची व्याख्या सरकवतो म्हणजे आमच्या कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सच ना? मग "मशीनवर घ्या" कशाला, महिनाभर थांबलं की झालं.


भिंगवाली

@ब्रशवाला, व्हाइट बॅलन्स हे पांढऱ्यापुरतं ठीक. पण कॅमेऱ्याच्या पुढे पिवळा फिल्टर लावून दोन ग्रे जुळवा, मग फिल्टर काढा आणि व्हाइट बॅलन्स परत बसवा. ग्रे वेगळे पडले तर बॅलन्सनं ते एक होणार नाहीत. आणि गिऱ्हाइकाचा लॉट महिनाभर थांबत नाही.


शेडमास्तर (इचलकरंजी)

ताई, तुमचे उपकार. सगळं दोनदा वाचलं आणि प्रयोग करून मगच लिहितोय.

आधी गॉगल. जुना काळा गॉगल, त्याची एक काच काढून उजव्यासमोर धरली. नट उलटा फिरायला लागला! उजवीकडे जाताना जवळ, डावीकडे जाताना लांब. म्हणजे काच जादा गडद, आता उजवा मागे पडला. आमच्या लॅबमध्ये असं झालं की आपण डोस कमी करतो. म्हणून गाडीच्या काचेला लावतात त्या धुरकट फिल्मचे तुकडे आणले, फिक्यातल्या फिक्या नंबरचे. एक पदर धरला, फेरा बारीक झाला. दोन पदरांवर नट सरळ रेषेत, अगदी ओळंब्यात. तीन पदरांवर किंचित उलटा. म्हणजे माझा डावा डोळा उजव्यापेक्षा दोन पदर काळोखात आहे. डोळ्याची डेप्थ, म्हणजे गडदपणा, मोजायची ही तऱ्हा मला फारच पटली.

मग मनात आलं की डावा पिवळाही आहे. तर पिवळ्यानं काय होतं? शाळेच्या हस्तकलेत मिळतो तो पिवळा जिलेटीन कागद घेतला. उजव्यासमोर त्याचे पदर धरले तर भिंत डाव्यासारखी कळकट दिसायला लागली, पण नटाचा फेरा जवळपास होता तेवढाच राहिला. फिल्म धरली तर फेरा गेला, पण भिंत निळीची निळी. म्हणजे टोनचं (रंगछटेचं) दुखणं वेगळं आणि डेप्थचं वेगळं. एकाच मोतीबिंदूनं दोन्ही दिली, तरी सोडवायची वेगवेगळी. नटाच्या हलण्याला रंगाशी देणंघेणं कमी, उजेडाशी जास्त, असं माझ्या अडाणी बुद्धीला दिसतंय. बरोबर का?

तो ग्रे मालकांकडून परत मागवला. पिवळा कागद उजव्यासमोर धरून बघितला तर पॉलिस्टर-कॉटनमधला फरक निम्म्यानं मिटला, पूर्ण नाही. कागदाचा पिवळा आणि मोतीबिंदूचा पिवळा एक नसणार.

तेवढ्यात बायको म्हणाली, एक डोळा झाकून दारातल्या नटाकडे बघत बसलाय, शेजारचे विचारतायत. तिला सांगितलं, लॅब डिप (रंगाचा चाचणी नमुना) चालू आहे.


एकाक्ष_रत्नागिरी

माझा एक डोळा लहानपणीच विटीदांडूत गेला, त्यामुळे तुमची ही सर्कस मला कधी दिसणार नाही. पण अंतराबद्दल दोन शब्द. दोन डोळे नसतील तर खोली कळत नाही असं लोक धरून चालतात. मी मोटरसायकल चालवतो, कॅरम खेळतो, घाटात गाडीही काढतो. कोण कुणाला झाकतंय, दूरची झाडी किती निळसर झालीय, सावली कुठं पडलीय, यावर बरंच कळतं. आणि सगळ्यात जास्त कळतं ते डोकं हलवून. मान जरा डावी-उजवी केली की जवळच्या गोष्टी भराभर सरकतात, लांबच्या हळू. दुसऱ्या डोळ्याचं काम मी मानेकडून करून घेतो. अडतं ते हाताच्या अंतरावर: सुईत दोरा, आणि पेल्यात पाणी ओतताना. पाणी ओतायच्या आधी तांब्या पेल्याच्या काठाला टेकवायचा, ही माझी युक्ती.

मन्सूर अली खान पतौडींचं उदाहरण क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये होव्हला मोटार अपघातात उजव्या डोळ्याची नजर गेली, त्याच वर्षी डिसेंबरात पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी २१ व्या वर्षी कप्तान. एकूण ४६ कसोट्या, ६ शतकं, त्यांत एक नाबाद २०३. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळायचे म्हणतात. अधू डोळ्याचं चित्र मध्ये आलं तर नसल्यापेक्षा वाईट, हे मला पटतं. मास्तर, तुमचंही तेच चाललंय. मोतीबिंदूचा डोळा मिटला की झोका सरळ.


भिंगवाली

@एकाक्ष_रत्नागिरी, मानेचं अगदी बरोबर. पतौडींच्या संदर्भात एक भर: लँड आणि मॅकलिऑड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडू सुटताना बघतो आणि मग नजर चेंडूच्या पुढे उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते. तरबेज फलंदाजाची उडी लवकर. म्हणजे चेंडू सगळा वेळ नजरेत धरून खेळणारा दोन डोळ्यांचाही कुणी नसतो.

काका, तुमचा टोन-डेप्थचा निष्कर्ष बरोबर आहे. पिवळा कागद निळा उजेड खातो, पण डोळ्याला जाणवणाऱ्या एकूण उजेडात निळ्याचा वाटा फार थोडा. निळ्यासाठीच्या शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूत तर नाहीतच. हालचाल टिपणारी यंत्रणा मुख्यतः उजेडाच्या फरकावर चालते. मेंदूत हालचालीसाठी वेगळा भागही आहे. म्युनिकच्या झील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एका बाईंबद्दल लिहिलं, त्यांचा तो भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. रंग, आकार ठीक दिसायचे, पण कपात ओतताना चहा गोठल्यासारखा दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे. गाडी लांब दिसे, आणि मग एकदम जवळ.

निळ्याकडे नजर पळण्याबद्दल पहिल्या प्रतिसादात राहिलं. आपण नजर फिरवतो असं वाटतं, पण बराच वेळ वस्तूच ती ओढून घेतात. आजूबाजूपेक्षा वेगळं, अपेक्षेपेक्षा जास्त असं काही दिसलं की नजर तिकडे जाते. तुमच्या मेंदूच्या हिशेबात इतकं गडद निळं जगात नव्हतं. सवय झाली की ड्रम परत ड्रम होतील. त्यात तुम्ही आयुष्यभर रंगाचे फरक शोधून पोट भरलेलं, तुमची नजर पळणारच.

एक विनंती, चौकात उभं राहून हे प्रयोग करू नका. सायमन्स आणि चॅब्रिस यांचा १९९९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: चेंडूचे पास मोजायला सांगितले, तर गोरिलाच्या वेषातलं माणूस मधून चालत गेलं तरी जवळपास निम्म्या लोकांना दिसलं नाही. सायकलचं अंतर मोजत बसाल आणि टेम्पो दिसणार नाही.


शेडमास्तर (इचलकरंजी)

चौकातलं बंद केलं. डॉक्टरांना फोन करून झोक्याचं आणि दोन पदरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तारीख अलीकडे आणली, आधी नस तपासू म्हणाले आणि ठीक निघाली तर लगेच डावा करू. ग्रे मशीनवर घातला. रीडिंगमध्ये फरक निघाला, हिरव्याच बाजूला. मालकांनी पार्टीला कॉटनवरचाच नमुना मागितलाय. पार्टी कुरकुरतेय, पण ते त्यांचं ते बघतील.

एक शेवटचं. ऑपरेशनच्या फाइलीत भिंगाचं स्टिकर सापडलं. दुकानदार म्हणतो काही भिंगं पिवळसर छटेची येतात, काही स्वच्छ. डाव्याला कुठलं घ्यावं? शेडचं काम बघता.


भिंगवाली

दोन्ही तऱ्हा चालतात, पण दोन डोळ्यांत दोन तऱ्हा नकोत, नाहीतर तुमचा ग्रे जन्मभर फुटत राहील. उजव्यात जे आहे तेच डाव्यात. आणि नंबर ठरवताना सांगा की लाइट बॉक्समधलं कापड हाताच्या अंतरावर धरून बघायचं असतं, म्हणजे त्या अंतराचा विचार होईल. स्टिकरची फाइल सोबत न्या, तोंडी सांगू नका.